पाळी बदलली की एक्सआरएफ गन वेगळं का सांगते? प्रोफाइल आणि टेम्पलेटचं दुखणं

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडच्या फाउंड्र्यांत हातातली एक्सआरएफ गन (एक्स-रे मारून धातूत कुठलं मूलद्रव्य किती ते सांगणारं यंत्र) आता नवलाईची राहिलेली नाही. गिऱ्हाईक पीएमआय रिपोर्ट (धातू सांगितलेल्याच ग्रेडचा आहे याची खात्री) मागतं, वर त्याबद्दलच्या एपीआय ५७८ या नियमावलीचं नाव घेतं, मग मालक गन घेतात. सुरुवातीचे दिवस बरे जातात, कारण तेव्हा ती एकाच माणसाच्या हातात असते. मग दुसरी पाळी, तिसरी पाळी, स्क्रॅप यार्डवाला, फेटलिंगचा (कास्टिंग साफ करायच्या विभागाचा) मुकादम, सगळेच ती उचलू लागतात. आणि फोन येतो: "सर, गन खोटं बोलाय लागलीय की."

असे फोन मला सारखे येतात. जाऊन बघावं तर ट्यूबही ठीक असते आणि डिटेक्टरही. घोळ असतो तो कोणी कुठल्या नावानं लॉगिन केलं, कुठलं सेटिंग कुठं सेव्ह झालं, यात. तेव्हा सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी खालचं सगळं एकदा करून बघा. बहुतेक तपासण्यांना पैसा लागत नाही.

लक्षणं

- सकाळी ज्या तुकड्याला ३१६ (स्टेनलेस स्टीलची एक ग्रेड) म्हणाली, त्यालाच रात्री "मॅच नाही" म्हणते.
- सिलिकॉन, फॉस्फरस, सल्फर एकाच्या रिपोर्टमध्ये दिसतात, दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये तो रकानाच नसतो.
- आकडा तोच, पण त्याच्यापुढचं अधिक-उणे दुप्पट झालेलं.
- पास-फेलचा हिरवा-लाल रंग गायब.
- मागच्या हीटचाच (भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूचा) नंबर पुढच्या सगळ्या तुकड्यांवर. किंवा उलटं, ट्रिगर दाबेल तसा हीट नंबर आपोआप एकेकानं पुढं सरकतो.
- रात्रपाळीची सगळी रीडिंग सकाळच्या माणसाच्या नावावर.
- सेटिंग नीट केलं, बॅटरी बदलली, की पुन्हा होतं तसं.
- गनच्या स्क्रीनवर हीट नंबर बरोबर, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर भलताच.

एक खूण लक्षात ठेवा. माणूस किंवा पाळी बदलली की दुखणं येतं-जातं, तर ते प्रोफाइल-टेम्पलेटचं. कोणीही, कधीही, कुठल्याही तुकड्यावर गन लावली तरी ती चुकतेच, तर मधलं सगळं सोडा आणि सरळ शेवटच्या भागाकडे जा.

सेटिंग राहतं कुठं

नावं कंपनीगणिक वेगळी असली तरी घरं चारच. वापरणाऱ्याचं प्रोफाइल: कुठली मोजणी उघडायची, प्रत्येक बीमला (एक्स-रेच्या झोताला) किती सेकंद, टक्के की पीपीएम, कुठली लायब्ररी चालू, काय बदलायची मुभा. टेम्पलेट: रीडिंगसोबत भरायचे रकाने, म्हणजे हीट नंबर, पार्ट, गिऱ्हाईक, ऑपरेटर. तिसरी ग्रेडची लायब्ररी, म्हणजे कुठल्या ग्रेडमध्ये कुठलं मूलद्रव्य किती ते किती चालतं याची यादी. आणि चौथा कॉम्प्युटरवरचा रिपोर्टचा साचा, ज्याचा गनशी थेट संबंधही नसतो. भांडण बहुतेक वेळा यातल्या एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात शोधल्यामुळं होतं.

पहिली तपासणी: स्क्रीनची वरची पट्टी वाचा

फुकटची आणि अर्ध्या मिनिटाची. लॉगिन कोणाचं आहे, मोजणी कुठली आहे, तारीख-वेळ बरोबर आहे का. अलॉयच्या जागी माती किंवा खनिजाची मोजणी उघडी असेल तर गन स्टीलच्या तुकड्यालाही प्रामाणिकपणे आकडे देते, फक्त ते चुकीच्या गणितानं काढलेले असतात. तेव्हा आकडा आला म्हणून मोजणी बरोबर होती असं धरू नका.

आपोआप लॉगिन चालू असेल तर आधी ते बंद करा. रात्रपाळीचं काम सकाळच्या माणसाच्या नावावर जाण्याचं हेच कारण. दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो हे खरं, पण गन एक्स-रे सोडते. जो येईल त्याच्या हातात ती उघडी मिळणं तसंही बरोबर नाही.

घड्याळ मागं गेलेलं दिसलं तर नुसतं पुढं करून सोडू नका. बॅटरी काढल्यावर ते पुन्हा मागं जातं का बघा. जात असेल तर आतला छोटा सेल संपलाय. तो सर्व्हिसवाल्याकडून बदलून घ्या, स्वतः गन उघडू नका.

दुसरी: तुकडा आणि खिडकी

सेटिंगला हात लावण्याआधी हे करायचं, कारण घाणेरड्या तुकड्यावर सेटिंग जुळवलं की पुढं सगळंच वाकडं होत जातं. सिलिकॉनची किरणं धातूच्या अगदी वरच्या काही मायक्रॉनमधूनच बाहेर येतात. म्हणजे वाळूचा कण, स्केल, तेलाचा थर असला तर गन त्याचंच माप घेते. इन्व्हेस्टमेंट कास्टिंगवाल्यांनी विशेष बघावं: शेलच्या (मेणाच्या नमुन्यावर चढवलेल्या साच्याच्या) पहिल्या थरात बहुधा झिरकॉन असतं, म्हणजे झिरकोनियम आणि सिलिकॉन दोन्ही. रीडिंगमध्ये अचानक झिरकोनियम उगवलं आणि सिलिकॉनही वाढलं, तर हीटला नावं ठेवण्याआधी तो तुकडा ग्राइंड करून परत मोजा. आणि ग्राइंडिंगची डिस्क झिरकोनियाची असेल तर ती स्वतःच झिरकोनियम मागं ठेवते, हेही ध्यानात असू दे.

गनच्या नाकावरची, म्हणजे पुढच्या टोकाच्या खिडकीवरची पातळ फिल्म बघा. मळली असेल तर बदला. ती स्वस्त असते आणि जादाच्या फिल्म पेटीत हव्यातच. फाटली असेल तर तिथंच थांबा, आत काही गेलंय का हे कळेपर्यंत ट्रिगर दाबायचा नाही.

मग गनसोबत आलेला चेकचा तुकडा मोजा. त्याच्या कागदावर लिहिलेल्या मर्यादेत आकडे आले तर गन निर्दोष. आता निवांतपणे सेटिंगकडे वळा.

तिसरी: सेकंद, दुसरा बीम, सिग्मा

सिलिकॉन गायब होण्याची जागा ही. अलॉय मोजताना गन बहुधा दोन वेळा बीम मारते: आधी जास्त व्होल्टेजचा, क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनमसाठी, मग कमी व्होल्टेजचा, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, फॉस्फरस, सल्फरसाठी. एखाद्या प्रोफाइलमध्ये दुसरा बीम बंद असेल तर ही मूलद्रव्यं दिसायची कशी? बंद नसेल, तर ट्रिगर धरून ठेवायचं सेटिंग बघा. बोट सुटलं की बीम थांबतो, ही सोय सुरक्षेसाठी आहे आणि ती तशीच राहू द्या. पण घाईतला माणूस पहिला आकडा आला की बोट सोडतो आणि दुसऱ्या बीमची वेळच येत नाही. त्याला सांगायचं ते इतकंच: गन स्वतः थांबेपर्यंत सोडू नको.

अधिक-उणेचा गोंधळ दोन कारणांनी होतो. एक तर सेकंद कमी. मोजणीतली अनिश्चितता वेळेच्या वर्गमुळानं घटते; ती निम्मी करायची तर वेळ चौपट द्यावी लागते. म्हणून पाच सेकंदांचे सहा-सात केले तर फारसा फरक पडत नाही. दुसरं, एका प्रोफाइलला एक सिग्मा आणि दुसऱ्याला दोन सिग्मा लावलेला (सिग्मा म्हणजे अनिश्चिततेचं माप). आकडा तोच, गन तीच, फक्त अधिक-उणे दुप्पट छापलं जातं. गिऱ्हाईकाच्या इन्स्पेक्टरसमोर हे समजावत बसण्यापेक्षा सगळ्या प्रोफाइलला एकच सिग्मा ठेवा आणि तो रिपोर्टवर लिहा.

जाता जाता: हलक्या मूलद्रव्यांची किरणं हवासुद्धा अडवते. काही गनमध्ये हवेच्या दाबाची दुरुस्ती असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. गन आधी गोव्याच्या किनाऱ्यावर वापरलेली असेल तर ही दुरुस्ती चालू आहे ना, ते बघून घ्या.

चौथी: बदललं, पण सेव्ह कुठं केलं?

"केलेलं सेटिंग टिकत नाही" या तक्रारीचं मूळ इथं. ऑपरेटरच्या लॉगिनमधून केलेला बदल पुष्कळ गनमध्ये तेवढ्या बैठकीपुरताच राहतो. गन बंद झाली, बॅटरी बदलली, लॉगआउट झालं, की प्रोफाइलमध्ये मुळात जे लिहिलंय ते परत येतं. आणि तेच हवं असतं! नाहीतर रात्री कोणी गंमत म्हणून फिरवलेलं सकाळपर्यंत कायमचं होऊन बसेल.

कायमचा बदल करायचा तर सुपरवायझरच्या लॉगिननं आत जा, ज्याचं प्रोफाइल आहे ते उघडा, बदला, सेव्ह करा. मग लॉगआउट करा, ऑपरेटरच्या नावानं परत आत जा आणि बदल दिसतो का ते डोळ्यानं बघा. ही शेवटची पायरी लोक हमखास गाळतात. सुपरवायझरच्या खात्यात सगळं दिसतं, म्हणून काम झालं असं वाटतं. ऑपरेटरला ती लायब्ररी बघायची मुभाच दिलेली नसते. पास-फेलचा रंग गायब होतो तो बहुतेक वेळा यामुळंच.

आता माझं मत, जे सगळ्यांना पटत नाही. माणसागणिक प्रोफाइल करू नका, कामागणिक करा. एका फाउंड्रीला सहसा तीन पुरतात: येणाऱ्या स्क्रॅपची झटपट छाननी, तयार कास्टिंगची पूर्ण तपासणी, आणि सुपरवायझर. पहिल्यात एकच बीम, थोडे सेकंद, मोठी लायब्ररी. दुसऱ्यात दोन्ही बीम, जास्त सेकंद, फक्त आपण ओततो तेवढ्या ग्रेड. माणसागणिक केलीत तर आठ माणसांची आठ प्रोफाइल होतात, वर्षभरात प्रत्येकाचे सेकंद वेगळे, सिग्मा वेगळा, आणि एक सुधारणा आठ ठिकाणी करत बसायची.

"मग ऑडिटरला मोजणाऱ्याचं नाव कुठून दाखवू?" हा प्रश्न येतोच. नाव टेम्पलेटमध्ये घ्या. कसं मोजायचं हे प्रोफाइल ठरवेल, कोणी मोजलं हे टेम्पलेट सांगेल. एखाद्या गिऱ्हाईकाच्या नियमात प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन सक्तीचं असेल तर तसं करा. मात्र एक नमुना प्रोफाइल बनवून त्याच्याच नकला काढा, प्रत्येक वेळी नव्यानं भरू नका.

पाचवी: टेम्पलेटचे रकाने

टेम्पलेट बऱ्याच गनमध्ये मोजणीला बांधलेलं असतं. अलॉयला लावलेलं टेम्पलेट दुसऱ्या मोजणीत दिसणार नाही. रकाने अख्खेच गायब असतील तर आधी हे बघा.

रकान्याचा प्रकार नीट निवडा. हीट नंबर हाताने लिहायचा. पीस नंबर आपोआप वाढणारा. या दोघांची अदलाबदल झाली की प्रत्येक शॉटला नवी हीट जन्माला येते आणि भट्टीवाला तुमच्याकडे बघत राहतो. ऑपरेटर, पाळी, गिऱ्हाईक हे यादीतून निवडायचे. ओतकामाच्या शॉपमध्ये हातमोजे घालून इवल्या स्क्रीनवर कोणी नाव टाइप करणार नाही. केलं तर एकाच माणसाची चार स्पेलिंग होतील.

हीट नंबर आणि ऑपरेटर हे रकाने सक्तीचे करा, आणि ते सुरुवातीला रिकामे ठेवा. आधीचीच किंमत धरून ठेवायची सोय असते, ती हीट नंबरला लावू नका. मागच्या हीटचा नंबर पुढच्या तुकड्यांवर जातो तो त्या सोयीमुळंच. आणि सक्तीचे रकाने दोन-तीनच. सहा-सात केलेत की लोक टिंब टाकून पुढं जातात. टिंबांनी भरलेला रिपोर्ट रिकाम्या रिपोर्टपेक्षा वाईट, कारण तो वरवर भरलेला दिसतो.

आपल्याकडे एकाच पाळीत चंदगडचा मराठी, गोकाकचा कन्नड आणि बाहेरचा हिंदी बोलणारा मुलगा असतो. यादीतली नावं देवनागरीत किंवा कन्नडमध्ये द्यायचा मोह होतो. आधी दोन नावं टाकून फाइल बाहेर काढून बघा. बऱ्याचदा कॉम्प्युटरवर त्यांची प्रश्नचिन्हं होतात. इंग्रजी अक्षरांत छोटं नाव किंवा टोकन नंबर हे सगळ्यांना वाचता येतं. नावात स्वल्पविराम मात्र नको. सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामानं रकाने वेगळे करणारी साधी फाइल) तो रकाना तोडतो आणि पुढचे सगळे आकडे एक घर सरकतात.

सहावी: गन बरोबर, एक्सेल चूक

यात गनचा काहीही दोष नसतो, तरी शिव्या तिलाच बसतात. सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेल आपलं डोकं चालवतं. हीट नंबर ०४५७ असेल तर पुढचं शून्य उडून ४५७ राहतो. १२-३ असेल तर १२ मार्च होतो. आणि २४, मध्ये इंग्रजी ई, मग ०७ असा महिन्याच्या अक्षराचा नंबर असेल तर एक्सेल त्याला घातांक समजतं: चोवीसवर सात शून्यं, म्हणजे हीट नंबर थेट चोवीस कोटी.

फाइल एक्सेलच्या डेटा मेनूतून आत घ्या आणि हीट नंबरच्या रकान्याला टेक्स्ट असा प्रकार द्या. त्याहून सोपं म्हणजे हीट नंबरची सुरुवातच एका अक्षरानं करा, जसं एच२४-०७. मग तो कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडला तरी तसाच राहतो. फाइल एकदा चुकीची उघडून सेव्ह केली असेल तर तिच्यातून मूळ नंबर परत मिळत नाहीत; गनमधून पुन्हा काढा. म्हणून गनमधली रीडिंग लगेच पुसायची नाहीत.

सातवी: लायब्ररी

इथं जरा धातूचं ज्ञान लागतं, म्हणून हे इतकं खाली. गनमध्ये येणारी लायब्ररी बहुधा रोल केलेल्या आणि फोर्ज केलेल्या ग्रेडकडे झुकलेली असते. आपण ओततो कास्टिंग. ३१६ मध्ये क्रोमियम १६ ते १८, निकेल १० ते १४, मॉलिब्डेनम २ ते ३. तिची ओतीव जोडीदार सीएफ८एम: क्रोमियम १८ ते २१, निकेल ९ ते १२, मॉलिब्डेनम तेच. एकीची क्रोमियमची वरची मर्यादा जिथं संपते तिथं दुसरीची खालची सुरू होते. तेव्हा १९.२ क्रोमियम, ९.४ निकेल आणि २.१ मॉलिब्डेनमचं उत्तम सीएफ८एम कास्टिंग ३१६ म्हणून नापासच होणार. सकाळच्या प्रोफाइलमध्ये सीएफ८एम असलेली लायब्ररी चालू, रात्रीच्या प्रोफाइलमध्ये नाही, एवढ्यावरून अख्खी हीट बाजूला काढून ठेवलेली मी पाहिली आहे. ३०४ आणि सीएफ८ च्या मर्यादा पुष्कळशा एकमेकींवर येतात, म्हणून त्यांची ओरड कमी.

उपाय: स्वतःच्या ग्रेडची छोटी लायब्ररी करा. गिऱ्हाईकाच्या ड्रॉइंगवर ज्या स्टँडर्डचा आणि ज्या सालच्या आवृत्तीचा उल्लेख आहे तिथूनच मर्यादा घ्या, कोणाच्या डायरीतून नको. टाइप करणारा एक आणि ताडून बघणारा दुसरा. मग ज्याचं लॅबचं सर्टिफिकेट हातात आहे असा तुकडा मोजून खात्री करा. मर्यादेच्या काठावरच्या रीडिंगला सूट द्यायची का, किती सिग्मा, हेही सगळ्या प्रोफाइलमध्ये एकच ठेवा. मॉलिब्डेनम १.९८ आलं की एक प्रोफाइल हिरवं आणि दुसरं लाल, असं झालं तर गिऱ्हाईक दोघांवरही विश्वास ठेवणार नाही.

काही गोष्टी कुठल्याही प्रोफाइलनं साधणार नाहीत. एक्सआरएफ गन कार्बन मोजत नाही. ३०४ आणि ३०४ एल यांतला फरक मुख्यतः कार्बनचा, म्हणून तो तिला कळत नाही. एसजी आयर्नमधलं (गोळीदार ग्राफाइटच्या ओतीव लोखंडातलं) शेकड्याच्या काही शतांश इतकं मॅग्नेशियमही तिच्या आवाक्याबाहेर. ग्रे आणि एसजी वेगळं करायचं सेटिंग शोधण्यात संध्याकाळ घालवू नका. मॅग्नेशियम बघायला स्पार्क स्पेक्ट्रोमीटर लागतो.

आठवी: सगळं पुसून नव्यानं

इथवर येऊन जमलं नाही तरच. सॉफ्टवेअर अपडेटनंतर लायब्ररी किंवा टेम्पलेट मूळच्या रूपात गेलेली असू शकतात, जुनी प्रोफाइल अर्धवट बिघडलेली असू शकतात. आधी सगळी रीडिंग, प्रोफाइल, टेम्पलेट, लायब्ररी बाहेर काढून पेनड्राइव्हवर आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवा. मग नवं प्रोफाइल कोऱ्यावरून बनवा. बिघडलेल्याची नक्कल काढली तर बिघाडही सोबत येतो. भाड्याच्या गनमध्ये आधीच्या भाडेकरूची प्रोफाइल राहिलेली असतात. ती न वापरता आपली वेगळी करा, परत देताना आपली रीडिंग आणि गिऱ्हाइकांची नावं पुसून द्या.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

- चेकचा तुकडा स्वच्छ केला, फिल्म बदलली, गन थोडी स्थिरावू दिली, तरी आकडे मर्यादेबाहेर.
- फिल्म फाटून आत काही घुसलंय, किंवा गन खाली पडली आहे. आतल्या खिडकीत बेरिलियम असू शकतं. तडकलेली खिडकी पुसायची नाही, फुंकायची नाही, बोट लावायचं नाही.
- एक्स-रेचा दिवा ट्रिगर सोडल्यावरही चालू, किंवा ट्रिगर दाबल्यावरही बंद. बॅटरी काढा, गन कुलपात ठेवा, आरएसओंना (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांना) कळवा.
- नाकासमोर तुकडा नसताना बीम सुटतो. सेन्सरचं सेटिंग कोणी बंद केलंय का ते सुपरवायझरनं फक्त बघावं. तसं नसेल तर गन वापरातून काढा. हा सेन्सर काम लवकर व्हावं म्हणून बंद करायची मुभा कुठल्याच ऑपरेटर प्रोफाइलला देऊ नका. छोटा तुकडा हातात धरून मोजायचा नाही, त्याला स्टँड असतो.
- सुपरवायझरचा पासवर्ड हरवला. अंदाजानं टाकत बसू नका.
- गनची एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा या ऑनलाइन परवाना प्रणालीतली नोंद किंवा कागद जागेवर नाहीत. तोवर सेटिंगची चर्चाच नको. आणि गन उद्यमबागेतून कोल्हापूरजवळच्या शिरोलीला किंवा गोव्याला न्यायची असेल तर परवान्यात काय लिहिलंय ते आधी आरएसओंकडून समजून घ्या.

फोन लावण्याआधी गनचा सिरियल नंबर, सॉफ्टवेअरची आवृत्ती, चेकच्या तुकड्याची अलीकडची रीडिंग आणि बिघडलेल्या एका रीडिंगचा स्क्रीनचा फोटो हाताशी ठेवा. फोटोत वरची पट्टी आली पाहिजे. सर्व्हिसवाले आले तर त्यांनी काम संपवल्यावर गन सुपरवायझरच्या नाही, रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या लॉगिनमध्ये उघडून एक तुकडा मोजून दाखवायला सांगा, आणि मगच सही करा.